दूध संस्थेचा फॉक्सप्रो आता कशात नेऊ?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय २४, बीसीए झालंय. वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत. संस्थेचे ३१० सभासद आहेत, सकाळ-संध्याकाळ संकलन असतं आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. सगळा कारभार फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस टूलमध्ये लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालतो. तो ज्या सरांनी लिहिला होता ते आता हयात नाहीत. संगणक बंद पडला की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. आता दूध संघाला रोजची आकडेवारी ऑनलाइन हवी आहे आणि सभासदांना मोबाईलवर दुधाचा मेसेज हवा आहे. चेअरमन म्हणाले, "पोरगी शिकलीय, तीच करेल." हिंजवडीत असलेला आतेभाऊ म्हणतो मोंगोडीबी, मायक्रोसर्व्हिसेस आणि कुबरनेटीस शीक. एक विक्रेता म्हणतो कोड न लिहिता महिन्याभरात ॲप तयार होतं. कॉलेजात पीएचपी आणि थोडं पायथन झालंय. नक्की कोणतं टूल धरू? हाताशी दिवाळीपर्यंतचा वेळ आहे. मला धाकट्या बहिणीसारखं समजून सांगा.

उत्तर : धाकटी बहीण म्हणालीस, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझ्या पत्रात सात-आठ टूलांची नावं आली आणि संकलनाच्या वहीतली एक ओळ कशी दिसते ते मात्र कुठेच आलं नाही. सुरुवात त्या ओळीपासून कर. सभासद क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. हे नऊ रकाने तुझ्या सगळ्या कामाचा पाया आहेत. प्रोग्राम दहा वर्षांनी पुन्हा बदलेल, तेव्हाही हीच माहिती उचलून पुढे न्यावी लागेल. सरांचा प्रोग्राम आज कुणाला वाचता येत नाही, तरी त्यातल्या नोंदींवाचून तुमचं एक बिलही निघत नाही, हे तू रोज बघतेच आहेस.

फॉक्सप्रो सोडायचा निर्णय योग्यच आहे. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ते विकत घेतलं, शेवटची ९ नंबरची आवृत्ती २००४ मध्ये आली, २००७ मध्ये यापुढे नवी आवृत्ती नाही असं त्यांनी जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. पण त्या टूलने काय दिलं होतं ते समजून घे. माहिती ठेवायची जागा, प्रोग्रामची भाषा, एंट्रीची स्क्रीन, छापायचं बिल, हे सगळं एकाच डब्यात मिळायचं. एक माणूस एका संगणकावर अख्खी संस्था उभी करू शकायचा, म्हणूनच ते गावोगावी पोचलं. वेबवर आलीस की या डब्याचे तीन भाग होतात: माहिती सांभाळणारा डेटाबेस, हिशेबाचे नियम चालवणारं फ्रेमवर्क आणि ब्राउझरमध्ये दिसणारी स्क्रीन. आतेभावाची यादी तुला गोंधळात टाकते, कारण त्यातलं एकेक नाव वेगवेगळ्या फळीवरचं आहे. मोंगोडीबी हा डेटाबेस, मायक्रोसर्व्हिसेस ही कामाची वाटणी करायची एक पद्धत, आणि कुबरनेटीस लागतं ते ढीगभर सर्व्हर एकत्र हाकायला.

तुझा पसारा केवढा आहे ते मोजू. ३१० सभासद, दिवसाला दोन वेळा, वर्षाचे ३६५ दिवस. प्रत्येक जण न चुकता आला तरी वर्षाला २ लाख २६ हजार ३०० नोंदी. दहा वर्षांत साडेबावीस लाखांच्या थोड्या वर. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस एका साध्या संगणकावरही एवढ्या नोंदी सहज सांभाळतो. सभासद आणि तारीख या दोन रकान्यांवर मिळून इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, लावलास, तर बिल काढताना कुणाला ताटकळावं लागणार नाही. कुबरनेटीस तुला लागणार नाही. मायक्रोसर्व्हिसेसही नकोत, एकच प्रोग्राम, एकच डेटाबेस. आतेभाऊ चुकीचं सांगत नाही, त्याच्या कंपनीत ते लागत असेल.

डेटाबेस म्हणून पोस्टग्रेसच घे. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ साली त्याचं काम सुरू झालं. तो फुकट आहे, दरवर्षी त्याची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मोंगोडीबीत जिथे प्रत्येक कागदाचा आकार वेगळा असतो अशी माहिती चांगली बसते. तुझी माहिती तशी नाही. सभासद, संकलन, दर, पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्सचा हप्ता हे सगळं एकमेकांना बांधलेलं आहे. नसलेल्या सभासदाच्या नावावर दूध चढताच कामा नये. हे डेटाबेसनेच अडवावं, प्रोग्राम लिहिणारीच्या लक्षात राहण्यावर ते सोडू नये. फॉरेन की, म्हणजे नोंदीतला सभासद क्रमांक सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे अशी सक्ती, त्यासाठीच असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या वडिलांना किर्द आणि खतावणीतला फरक विचार. ते चहाचा घोट घेता घेता सांगतील: किर्दीत रोज घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचं आणि खतावणी त्या किर्दीवरून तयार करायची. किर्दीत खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर उलटी नोंद टाकायची. डेटाबेसची रचना यापेक्षा चांगल्या शब्दांत मला आजवर कुणी शिकवलेली नाही.

मी हे फार महागात शिकले. १९९८ साली एका पतसंस्थेसाठी मी फॉक्सप्रोतच प्रोग्राम लिहिला होता. सभासदाच्या टेबलात मी 'शिल्लक' नावाचा रकाना ठेवला होता. भरणा झाला की नोंद टाकायची आणि शिल्लक वाढवायची. एका संध्याकाळी नोंद पडली आणि शिल्लक वाढायच्या आत वीज गेली. असं किती वेळा झालं होतं कोण जाणे, कारण चूक कळली ती थेट मार्चअखेरीला. रोखपाल, मी आणि कागदाची किर्द, तीन रात्री आम्ही एकेक खातं जुळवत बसलो. ज्यांची शिल्लक कमी दिसत होती, त्यांत एक विडी कामगार बाई होत्या. त्या रोज काउंटरशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यानंतर मी 'शिल्लक' हा रकाना कुठल्याही टेबलात ठेवलेला नाही. शिल्लक दर वेळी नोंदींवरून काढायची.

वीज जाण्याची भीती तुझ्यासाठी डेटाबेसने संपवलेली आहे, फक्त ती सोय वापरायला हवी. दहा दिवसांचं बिल म्हणजे दुधाची रक्कम जमा, पशुखाद्य वजा, ॲडव्हान्सचा हप्ता वजा आणि उरलेली रक्कम बँकेच्या यादीत. हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांध. झालं तर पूर्ण होईल, नाहीतर त्यातलं काहीच होणार नाही. मधे कुठेही वायर उपटली तरी हप्ता कापला आणि बिल निघालं नाही, असं होणार नाही.

दरपत्रकाकडे जरा जास्त लक्ष दे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जो दर, तो धरून वरखालीचं कोष्टक असतं आणि ते अधूनमधून बदलतं. समज, महिन्याच्या ११ तारखेला दर बदलला. तू जुन्या दरावर नवा दर लिहून टाकलास. २० तारखेला एक आजोबा आले, "माझं पहिलं बिल हरवलं, परत छापून दे पोरी." तू छापलंस आणि रक्कम वेगळी आली. आता गावाला काय सांगशील? म्हणून दरपत्रकाच्या प्रत्येक ओळीला 'या तारखेपासून लागू' असा रकाना हवा. शिवाय संकलनाच्या नोंदीतही त्या वेळी लागलेला दर लिहून ठेव. तुला वाटेल, एकच गोष्ट दोनदा लिहू नये असं कॉलेजात शिकवलं होतं. बरोबर आहे. पण त्या सकाळी पावतीवर छापलेला दर ही घडून गेलेली गोष्ट आहे आणि किर्दीत घडलेलं लिहितातच.

रक्कम ठेवताना रकान्याचा प्रकार फ्लोट वापरू नको, तो अपूर्णांक अंदाजे ठेवतो; न्यूमरिक वापर, तो अचूक ठेवतो. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केलीस तर दशांशाच्या सतराव्या घरात एक ४ उगवतो. एका ओळीत तो दिसत नाही. दिवाळीच्या फरक बिलात, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणाऱ्या जादा रकमेच्या बिलात, वर्षभराचं दूध एकत्र आलं की पैशांचा घोळ दिसायला लागतो आणि तो शोधणं फार जिकिरीचं असतं. लिटर आणि फॅटलाही न्यूमरिकच ठेव.

मराठी नावांचं काम तुला वाटतं त्यापेक्षा मोठं असणार आहे. जुन्या प्रोग्राममधली नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक संकेतात, नसतील. तो काळ निरनिराळ्या फॉन्टांच्या स्वतःच्या संकेतांचा होता. फॉन्ट काढला की उरतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आधी तुमचा फॉन्ट कोणता ते शोध, मग त्याचा युनिकोड रूपांतरक वापर. पण रूपांतरावर डोळे झाकून विसंबू नको. ३१० नावं छाप आणि वडिलांना शेजारी बसवून एकेक वाचून घे, एका दुपारचं काम आहे. यात एक खाचखळगा असा आहे जो बाहेरच्या पुस्तकांत सहसा सापडणार नाही. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावं वाटतात. शोधताना निम्मे कुऱ्हाडे सापडतच नाहीत. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवूनही हे दोन एक होत नाहीत. त्यामुळे नाव साठवण्याआधी एकच पद्धत ठरवून दुसरी त्यात बदलणारा छोटा नियम तू स्वतः लिही. आणि यादी अकारविल्हे लावताना आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचा नियम, वापर. नुसत्या संकेतक्रमाने लावलीस तर ळ हा ल आणि व यांच्या मधे येऊन बसतो. आपल्याकडे त्याची जागा ह च्या नंतर आहे.

फ्रेमवर्क जँगो घे. पायथन तुला थोडं येतं, तेवढ्यावर सुरुवात होईल. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या एका दैनिकाच्या कचेरीत २००३ च्या सुमारास हे फ्रेमवर्क तयार व्हायला लागलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीची वेळ टळायच्या आत काम उभं करायचं, ही त्याच्या जन्मामागची गरज. ती तुझ्या दिवाळीच्या मुदतीशी जुळते. तू टेबलांचं वर्णन पायथनमध्ये लिहिलंस की माहिती भरायच्या आणि दुरुस्त करायच्या स्क्रीन तयार मिळतात. पहिल्याच आठवड्यात सभासदांची यादी वडिलांना ब्राउझरमध्ये दाखवता येईल. लॉगिन आणि कुणाला काय बघता येईल ते त्यातच आहे. टेबलात पुढे रकाना वाढवावा लागला तर मायग्रेशनची फाइल बनते आणि कधी काय बदललं याचा लेखी पुरावा राहतो. दीर्घ आधाराची म्हणजे एलटीएस आवृत्ती निवड, तिला साधारण तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. पीएचपीत तुझा हात जास्त बसलेला असेल तर लाराव्हेलनेही हे सगळं होईल. त्यासाठी मी तुझ्याशी भांडणार नाही. मुंबईत तयार झालेलं फ्रॅपे हे फ्रेमवर्कही बघून ठेव. ईआरपीनेक्स्ट हे साठा, खरेदी, हिशेब असा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यावरच उभं आहे. पुढे संस्थेला पशुखाद्याचा साठा, खरेदी आणि पूर्ण लेखा एकत्र हवा असेल तेव्हा ते कामी येईल. आत्ता मात्र त्याची शिस्त शिकण्यातच तुझे दोन महिने जातील.

विक्रेत्याला तोंडावर नाही म्हणू नको, तीन प्रश्न विचार. आमची सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा, वाचता येईल अशा फाइलमध्ये, पूर्ण बाहेर काढता येईल का? सभासद वाढले तर महिन्याचे पैसे किती वाढतील? तुमची कंपनी बंद झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळचं संकलन कसं होईल? उत्तरं लेखी घे. बिनकोडाची टूलं साध्या नोंदवहीला छान असतात, पण तारखेनुसार बदलणारं दरपत्रक आणि कपातींची साखळी आली की बहुतेक जण तिथेच अडतात.

सकाळचं संकलन इंटरनेटवर टांगून ठेवू नकोस. साडेपाच वाजता किटल्या घेऊन रांग लागलेली असते, तेव्हा नेट गेलं म्हणून कुणाला थांबवता येत नाही. डेटाबेस आणि जँगो संस्थेतल्या संगणकावरच चालू दे. ब्राउझर त्याच संगणकाशी बोलेल. नेट आलं की नोंदी बाहेरच्या सर्व्हरवर आणि संघाकडे जातील.

आणि इथेच वेब सर्व्हिस येते. ती म्हणजे तुमच्या संस्थेची एक खिडकी समज. बाहेरच्याने ठरलेल्या नमुन्यात कागद सरकवायचा, आतून ठरलेल्या नमुन्यात उत्तर यायचं. आत कोणतं टेबल आहे ते बाहेरच्याला कळायचं कारण नाही. संघाने त्यांची खिडकी दिली असेल तर त्यांच्याकडून नमुना लेखी माग, तोंडी चालणार नाही. तुला स्वतःची खिडकी उघडायची झाली तर जँगोला जोडायचं जँगो रेस्ट फ्रेमवर्क पुरेल. प्रत्येक संस्थेला वेगळी चावी, एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीशिवाय काही नाही आणि बँक खात्याचे नंबर या खिडकीतून कधीच बाहेर जाणार नाहीत.

या कामातली खरी डोकेदुखी सांगते. तू नोंद पाठवलीस, पलीकडे ती पोचली, पण 'पोचली' हे उत्तर परत येईपर्यंत नेट गेलं. तुझ्या प्रोग्रामला वाटलं गेलीच नाही, त्याने ती पुन्हा पाठवली. पलीकडे आठ लिटरचे सोळा लिटर झाले. यावर एक उपाय सुचतो की सभासद, तारीख आणि वेळ सारखी असेल तर दुसरी नोंद नाकारावी. तो करू नकोस. एकच सभासद एकाच सकाळी गाईची आणि म्हशीची किटली आणतो. उशिरा पिळलेलं दूध घेऊन पोराला परत पाठवणाराही असतो, त्याचं खरं दूध नाकारलं जाईल. त्याऐवजी पावती तयार होते त्याच क्षणी संस्थेच्या संगणकावर तिला एक कायमचा युनिक क्रमांक दे. यूयूआयडी म्हणतात तो. तो क्रमांक नोंदीबरोबर जाऊ दे आणि ज्या टेबलात नोंदी उतरतात तिथे त्या रकान्यावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याची सक्ती, असू दे. मग तीच नोंद दहा वेळा पोचली तरी एकदाच बसेल. संघाच्या नमुन्यात असा क्रमांक नसेल तर तो घालून घ्या म्हणून आग्रह धर. लाजू नकोस, त्यांचाही घोळ वाचणार आहे.

मोबाईल मेसेजसाठी आधीपासून हालचाल कर. आपल्याकडे असे मेसेज पाठवायचे तर संस्थेची आणि मेसेजच्या मजकुराच्या साच्याची डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदणी लागते. कागदपत्रं चेअरमनच्या सहीची असतात, म्हणून ते काम त्यांच्याकडेच सोपव. कोड लिहायला लागेल एक दुपार, नोंदणी मंजूर व्हायला त्याहून जास्त.

जुन्या नोंदी काढताना फोल्डर अख्खं उचल. फॉक्सप्रोची टेबलं ज्यात असतात त्या डीबीएफ फाइलच्या शेजारी एफपीटी असेल तर तीही हवी, मोठा मजकूर त्यात असतो. डीबीएफ लिबरऑफिसमध्ये उघडते, पायथनमध्ये वाचायला डीबीएफरीड नावाची लायब्ररी आहे. फॉक्सप्रोत डिलीट केलेली ओळ लगेच जात नाही, तिच्या सुरुवातीला फक्त एक तारा लागतो आणि पॅक, म्हणजे फाइल साफ, करेपर्यंत ती तिथेच राहते. तुझं साधन या ताऱ्याच्या ओळी वगळतं की नाही ते आधी तपास, नाहीतर मयत आणि सोडून गेलेले सभासद पुन्हा यादीत येतील.

बॅकअप रोज रात्री आपोआप निघायला हवा, आणि एक प्रत संस्थेच्या इमारतीबाहेर असली पाहिजे. पण नुसता बॅकअप निघतोय यावर समाधान मानू नकोस. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली गेली. पोस्टग्रेसच होता. बॅकअप बघायला गेले तर नेहमीचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे निघतच नव्हता आणि तो अयशस्वी झाल्याचे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर लिहिलं, हे फार मोठं मन आहे. तू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या संगणकावर बॅकअपवरून संस्था उभी कर आणि आदल्या बिलाची बेरीज जुळते का बघ.

तीन महिन्यांचं काम मला दिसतं. पहिले दोन आठवडे कोड लिहू नकोस. वडिलांबरोबर संकलनाला बस, वही, पावती, बिल आणि बँकेची यादी यांचे कागद गोळा कर, टेबलं कागदावर मांड. नंतर जुनं आणि नवं शेजारी-शेजारी चालव, निदान तीन बिलं, म्हणजे एक पूर्ण महिना. दोन्हीकडची रक्कम प्रत्येक सभासदाची पैशापर्यंत जुळली पाहिजे. एकाही सभासदाचं जुळलं नाही तर थांब आणि कारण शोध. चूक जुन्यातही असू शकते. तशी सापडली तर आधी वडिलांना सांग, मग चेअरमनना, आणि त्या सभासदाचे पैसे उलट्या नोंदीने परत कर.

यंदाचं दिवाळीचं फरक बिल मात्र जुन्यावरच काढा. वर्षभराच्या नोंदी तिकडे आहेत, आणि त्या बिलावर गावातल्या कित्येक घरांची दिवाळी असते. नव्यावर तेच बिल बाजूला काढून बघ. टेबलं कागदावर मांडून झाली की मला फोटो पाठव. दरपत्रकाचं टेबल मला आधी बघायचंय.